काचेवरचा पाऊस : वायपरच्या बिघाडांचा इतिहास

१/ १९४० च्या दशकातील एखादी अमेरिकन मोटार भर पावसात घाट चढू लागली की तिचा वायपर मंदावत जाई आणि चढ तीव्र झाला की काचेच्या मध्यावरच थबके. उतार लागताच तोच वायपर सपासप फिरू लागे. मोटार नादुरुस्त नसे. तिची रचनाच तशी होती. हा दोष कोठून आला, तो दूर व्हायला इतकी वर्षे का लागली आणि त्यापुढच्या सुधारणेचे श्रेय कोणाला मिळाले, याचा हा मागोवा. 🧵

२/ प्रारंभ मोटारीपासून नव्हे, ट्रामपासून होतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन १९०२-०३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. गारांसह पडणाऱ्या बर्फाळ पावसात ट्रामचालकाला समोरचे काही दिसेना, म्हणून तो काचेचे तावदान उघडून, बोचरा वारा अंगावर घेत ट्राम हाकत होता. इतरांनी ही गोष्ट हवामानाचा भाग म्हणून स्वीकारली होती. अँडरसन यांना ती यंत्रातील उणीव वाटली.

३/ त्यांचा उपाय साधा होता. आतल्या बाजूला एक दांडा, बाहेर काचेवर रबर लावलेली भुजा आणि रबर काचेला घट्ट चिकटून राहील अशी दाबाची योजना. हवामान निवळले की भुजा काढून ठेवता येई. १८ जून १९०३ रोजी अर्ज झाला आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी ७,४३,८०१ क्रमांकाचे पेटंट त्यांना मिळाले.

४/ १९०५ मध्ये माँट्रियलमधील एका कंपनीला त्यांनी हे हक्क विकत घेण्याविषयी विचारले. या वस्तूला पुरेसे व्यापारी मूल्य नाही, असे उत्तर आले. त्या काळी मोटारी थोड्या होत्या, अनेकींना पुढची काचही नसे. पेटंटची सतरा वर्षांची मुदत १९२० मध्ये संपली. बंद मोटारींचे आणि त्यांबरोबर वायपरचे युग त्यानंतर बहरले. अँडरसन यांना या शोधातून काहीही अर्थप्राप्ती झाली नाही. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक मानवंदना यादीत त्यांचे नाव आले ते २०११ मध्ये.

५/ पुढचा टप्पा एका अपघाताचा. बफेलो शहरात जॉन ओइशाय यांची मोटार पावसात एका सायकलस्वारावर आदळली. काचेतून समोरचे दिसत नव्हते, हे त्यामागचे कारण. या धक्क्यातून ओइशाय यांनी हाताने फिरवण्याच्या वायपरचा व्यवसाय उभा केला. तीच पुढे ‘ट्रायको’ नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी. त्या वेळची काच दोन आडव्या भागांची असे. त्यांमधील फटीतून हा रबरी वायपर सरकवायचा असे.

६/ हाताच्या वायपरचा दोष मात्र उघड होता. पाऊस जितका जोराचा, तितके चालकाचे दोन्ही हात सुकाणूवर हवेत. आणि नेमक्या त्याच वेळी एक हात वायपरला लागे. यंत्राने स्वतःच्या बळावर काच पुसावी, ही गरज त्यातून पुढे आली. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवुड यांनी विजेवर चालणाऱ्या रुळांच्या काचपुसणीचे पेटंट घेतले. ती बाजारात रुजली नाही. रुजली ती दुसरीच कल्पना.

७/ क्लीव्हलंडच्या विल्यम आणि फ्रेड फोल्बर्थ या बंधूंनी वायपर फिरवण्यासाठी वीज वापरली नाही. इंजिनाचा श्वास वापरला. इंजिन हवा आत ओढते तेव्हा कार्ब्युरेटरच्या पलीकडील नळीत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. तेथून एक रबरी नळी काढून वायपरच्या लहान पेटीला जोडली की पेटीतील पाते या बाजूकडून त्या बाजूकडे खेचले जाते. टोकाला पोहोचताच झडप पलटते आणि पाते उलट फिरते.

८/ ही रचना स्वस्त होती. मोटारीच्या तुटपुंज्या बॅटरीवर तिचा भार नव्हता आणि तिचा वेग हवा तसा कमी-जास्त करता येई. त्यामुळे अमेरिकेत ती अनेक दशके टिकली. तिचा मूळ दोष मात्र तिच्या बळातच दडलेला होता. ॲक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा थ्रॉटल मिटलेला असतो आणि ओढ प्रबळ असते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल उघडतो, हवा मोकळी आत शिरते आणि ओढ जवळजवळ नाहीशी होते.

९/ याचा व्यवहारातील अर्थ भयंकर होता. घाट चढताना किंवा पुढच्या ट्रकला मागे टाकताना, म्हणजे दृष्टी सर्वाधिक निर्मळ हवी तेव्हाच, वायपर मान टाकी. अशा मोटारीने आषाढातील खंडाळा चढणाऱ्या चालकाला एकच युक्ती उरे : क्षणभर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, वायपरला एक फेरी मारू द्यायची आणि पुन्हा जोर लावायचा. चढावर गती गमावून दृष्टी विकत घ्यायची, असा तो सौदा होता.

१०/ उत्पादकांनी ठिगळे लावली. कोठे ओढ साठवून ठेवणारी टाकी आली, तर कोठे इंधनपंपालाच वायपरसाठी दुसरा पडदा जोडला गेला. त्यातून नवे बिघाड जन्मले. हा दुसरा पडदा फाटला की इंजिनातील तेल मॅनिफोल्डमध्ये ओढले जाई, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघू लागे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजून इंजिन उघडायला निघालेल्या मिस्त्रीला कधी कधी खरा अपराधी वायपरच्या पंपात सापडे.

११/ जाणत्या मिस्त्रीची परीक्षा अंगठ्याने होई. इंजिन सुरू ठेवून वायपरच्या पेटीची नळी काढायची आणि तिच्या तोंडावर अंगठा धरायचा. अंगठा जोरात ओढला गेला, तर दोष पेटीत : आतील वंगण वाळले किंवा पात्याची कड झिजली. ओढ जाणवली नाही, तर दोष नळीत किंवा पंपात. चिरलेल्या नळीतून जादा हवा शिरल्याने इंजिनही उभ्या जागी थरथरे. बिघाड दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसऱ्या ठिकाणी, हा रोगनिदानाचा जुना नियम येथेही लागू होता.

१२/ युरोपने विजेची वाट धरली होती. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२६ मध्ये विजेचा वायपर बाजारात आणला. इंजिनावर कितीही भार असो, मोटरचा वेग त्यावर अवलंबून नव्हता. अमेरिकेत या वादाचा निकाल अखेर कायद्याने लागला. १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमाने वायपरला किमान दोन वेग सक्तीचे केले. त्यांपैकी एक मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा हवा, आणि तोही इंजिनाचा भार व गती काहीही असली तरी. व्हॅक्यूम वायपरच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवणारी ही अट होती.

१३/ विजेच्या वायपरचे निदान वेगळे. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत दिसलेली प्रीमियर पद्मिनी याच कुळातली. तिचा वायपर संथ झाला की पहिला संशय मोटरवर जातो. पण भुजेची सळई ज्या बुशमध्ये फिरते तेथील वंगण सुकलेले असणे, हेही तितकेच नेहमीचे कारण. लिंक मोटरपासून सोडवून भुजा हाताने हलवून पाहावी. जड गेली तर दोष सांध्यात. हलकी गेली तर मोटर, तिचे कार्बन ब्रश किंवा गंजलेला अर्थ तपासावा.

१४/ इतर खुणाही बोलक्या असतात. मोटरचा आवाज येतो पण पाते हलत नाही, तर लिंक निखळलेली असते किंवा भुजेचे दाते झिजलेले असतात. बटण बंद करताच पाते खाली न येता मध्येच थांबते, तर मोटरच्या गिअरपेटीतील पार्किंगचा संपर्क बिघडलेला असतो. काहीच हालचाल नाही, तर आधी फ्यूज. आणि सारे ठीक असूनही काचेवर रेघा उमटत असतील, तर रबर कडक झालेले असते.

१५/ तरी एक उणीव उरली होती. भुरभुर पावसात सतत फिरणारा वायपर कोरड्या काचेवर करकरतो. बंद केला तर काच धूसर होते. डेट्रॉइटचे अभियंते रॉबर्ट कर्न्स यांना १९५३ मध्ये लग्नाच्या रात्री शॅम्पेनचे बूच डाव्या डोळ्यावर लागून त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढे पावसात मोटार चालवताना त्यांच्या मनात प्रश्न आला : पापणी सतत हलत नाही, अधूनमधून मिटते; मग वायपर तसा का नसावा?

१६/ त्यांनी एक रोधक, एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांचे मंडल रचले. कपॅसिटर भरायला जितका वेळ लागेल, तितका वेळ वायपर विसावा घेई. १९६३ मध्ये त्यांनी फोर्ड कंपनीला हा वायपर दाखवला. १९६४ मध्ये अर्ज केला आणि १९६७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. कंपनीने त्यांच्याशी बोलणी थांबवली आणि १९६९ मध्ये थांबून थांबून चालणारे वायपर स्वतःच बाजारात आणले. हळूहळू इतर कंपन्यांच्या मोटारींतही ते आले.

१७/ कर्न्स यांनी १९७८ मध्ये फोर्डवर आणि १९८२ मध्ये क्रायस्लरवर दावा केला. कंपन्यांचा युक्तिवाद लक्षणीय होता : यातील एकही भाग नवा नाही, सारे आधीपासून उपलब्ध होते, मग शोध कसला? प्रश्न केवळ वायपरचा राहिला नाही. जुने सुटे भाग नव्या रीतीने जोडणे हा शोध मानायचा की नाही, हा तो प्रश्न होता. वीणेच्या तारा आधीपासून असतात, म्हणून रागाचा कर्ता नाकारायचा का?

१८/ १९९० मध्ये ज्यूरीने पेटंट वैध ठरवले. फोर्डने उल्लंघन केले, मात्र ते हेतुपुरस्सर नव्हते, असा निर्णय दिला. फोर्डने सुमारे १ कोटी २ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. क्रायस्लरविरुद्ध कर्न्स स्वतःच उभे राहिले. १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील ऐकण्यास नकार दिला आणि व्याजासह सुमारे ३ कोटी डॉलर त्यांना मिळाले.

१९/ पण त्यांना हवा होता तो स्वतःचा कारखाना. पहिल्या निकालापूर्वीच मूळ पेटंटची मुदत संपली होती, त्यामुळे इतरांना रोखण्याचा अधिकार उरला नव्हता. लढ्यात प्रकृती खालावली, संसार मोडला. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. अँडरसन यांचा हक्क बाजारपेठ तयार होण्याआधी संपला. कर्न्स यांचा न्याय मिळण्याआधी. पेटंटचा कालावधी दोघांच्याही बाबतीत घड्याळाप्रमाणे चालला, समाज मात्र आपल्या गतीने चालला.

२०/ जुन्या मोटारीचा वायपर दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणूनच नकळत हा इतिहास हाताळत असतो. कडक रबर, सुकलेला सांधा, चिरलेली नळी, झिजलेला संपर्क, मंदावलेला कपॅसिटर : प्रत्येक बिघाडाच्या ठिकाणी कोणीतरी कधीतरी एका उणिवेला उत्तर शोधले होते. त्यांपैकी काहींची नावे पेटंटवर राहिली, पैसा मात्र दुसऱ्यांकडे गेला. काच स्वच्छ झाली की त्यामागचा वायपर नजरेआड होतो. त्याच्या कर्त्यांचेही तसेच झाले.

(समाप्त)