कोड आणि कोढ़ : शब्द एक, आजार दोन

१९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्यामुळे इथे मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी नांदतात. एका शब्दाचा मात्र त्यात घोटाळा होतो.

मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. तुम्ही सहज सांगता, “मुलीला कोड आहे,” आणि हिंदी बोलणारा शेजारी कुष्ठरोग समजतो. सोयरीक मोडायला एवढे पुरते.

दोन्ही शब्द संस्कृत ‘कुष्ठ’वरून आले. पण जुन्या काळी कुष्ठ हा एकच आजार नव्हता. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार आहेत आणि त्यांत गजकर्णासारखे साधे त्वचारोगही येतात. पांढऱ्या डागांना तिथे ‘श्वित्र’ असे वेगळे नाव आहे, पण वर्णन त्याच अध्यायात आहे. पुढे प्राकृतात ‘कोढ’ झाले. त्याचा एक अर्थ हिंदीत रुळला, दुसरा मराठीत. गुजरातीतही ‘कोढ’ म्हणजे पांढरे डागच. कुष्ठरोगाला तिथे ‘रक्तपित्त’ म्हणतात, तर आयुर्वेदात रक्तपित्त म्हणजे रक्तस्रावाचा विकार!

युरोपातही असेच झाले. ग्रीक ‘लेप्रा’ म्हणजे खवले सुटणारा त्वचारोग. बायबलच्या जुन्या करारातील एका हिब्रू शब्दासाठी भाषांतरकारांनी तोच वापरला. त्या हिब्रू शब्दात कपड्यांवरचे आणि भिंतींवरचे डागही येत, आणि असे डाग ‘अशुद्ध’ मानले जात. ‘लेप्रसी’ या नावाला तो कलंक तिथूनच चिकटला.

१८७३ मध्ये नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला आणि आजाराचे खरे कारण कळले. आज फरक स्पष्ट आहे :

• कोड : डाग दुधासारखा पांढरा, स्पर्श कळतो. शरीराची प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून तो होतो. कोड संसर्गजन्य नाही.

• कुष्ठरोग : चट्टा फिकट किंवा लालसर, बहुधा बधिर. हा जंतूंमुळे होतो, पण ६ किंवा १२ महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात.

म्हणून डागाला घरीच नाव देऊ नका, आणि भीतीने लपवूही नका. डॉक्टरांना दाखवा. कुष्ठरोग निघालाच, तर लवकर उपचार घेतल्याने हातापायांचे व्यंग टळते. आणि कोड असेल, तर हिंदीत सांगताना ‘सफेद दाग’ म्हणा.