मांजराची खेळणे-राखण

मांजराची खेळणे-राखण : आवडते खेळणे तोंडात किंवा पंजाखाली धरून मांजर दुसऱ्या मांजराला, कुत्र्याला किंवा माणसाला जवळ येऊ देत नाही, ते वर्तन. अन्न, जागा, माणसाची मांडी यांवरून होणाऱ्या राखणीचाच हा एक प्रकार आहे. घरातली माणसे त्याला हावरटपणा किंवा मत्सर म्हणतात. प्रत्यक्षात तो शिकारीचा शेवटचा टप्पा असतो.

लक्षणे ओळखायला सोपी. खेळणे दातांत घट्ट असल्यामुळे गुरगुर दबलेली, पण सलग येते. मान खाली, खांदे वर, कान आडवे होऊन मागे वळलेले, शेपटी जमिनीवर आपटत असते. कोणी आणखी जवळ गेले तर मांजर फिसकारते, पंजा मारते. पण बहुधा ते भांडणापर्यंत थांबत नाही, खेळणे ओढत पलंगाखाली किंवा कपाटामागे निघून जाते. राखण कोणत्या खेळण्याची होते, हेही पाहण्यासारखे आहे. प्लॅस्टिकच्या चेंडूसाठी गुरगुरणारे मांजर क्वचितच दिसेल. पिसांचा झुबका, खऱ्या केसांचा उंदीर, तोंडात मावेल एवढी मऊ बाहुली यांवरच ते हक्क सांगते.

पाळीव मांजर आफ्रिका व पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आले. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले असून २००४ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. हे रानमांजर एकट्याने शिकार करते. त्याचे भक्ष्य उंदराएवढे, म्हणजे एकाच्याच पोटापुरते. सिंहाच्या कळपात शिकारीवर सगळे तुटून पडतात, तशी वेळ त्याच्यावर येत नाही आणि वाटून खाण्याची सवयही त्याला लागत नाही. आई पिल्लांसाठी भक्ष्य आणते, तेवढा अपवाद. ब्रिटनमधील सारा हॉल व जॉन ब्रॅडशॉ यांच्या १९९८ च्या अभ्यासात भुकेली मांजरे खेळण्यांशी अधिक जोराने खेळताना आढळली. खेळणे बदलले की कंटाळलेल्या मांजराचा खेळ पुन्हा रंगतो, हे त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले. खेळ आणि शिकार यांची मुळे एकच आहेत, असे यावरून दिसते. म्हणून ‘वाटून खेळ’ हे मांजराला शिकवू पाहणे व्यर्थ आहे. राखण करण्याची वेळच कमी येईल अशी घरची मांडणी करावी लागते.

व्यवस्थापनाचा पहिला नियम : तोंडातले खेळणे ओढू नये आणि ते घेऊन पळणाऱ्या मांजराचा पाठलाग करू नये. माणूस जवळ आला की भक्ष्य जाते, हे मांजर दोन-चार वेळांत शिकते आणि पुढच्या वेळी अधिक लवकर गुरगुरते. पाणी फवारणे, ओरडणे यांचाही परिणाम तोच. त्याऐवजी अदलाबदल करावी. बिनमीठ-मसाल्याच्या उकडलेल्या कोंबडीचा लहान तुकडा मांजरापासून दोन-तीन हात दूर टाकावा आणि आपण मागे सरावे. (कांदा-लसूण घालून शिजवलेले मांस मांजराला विषारी ठरते.) मांजर उठून तुकड्याकडे गेले तरी लगेच खेळण्यावर झडप घालू नये, ते खाऊन दुसरीकडे रमले की सावकाश उचलावे. काही दिवसांनी माणसाचे येणे म्हणजे काहीतरी मिळणे, असे समीकरण बसते.

दुसरा उपाय खेळाच्या रचनेत आहे. काठीला बांधलेली पिसे नाचवताना मांजराला दबा धरू द्यावा, झेप घेऊ द्यावी आणि शेवटी खरोखर पकडू द्यावे. मग लगेच जेवण द्यावे. नुसता लेझरचा ठिपका पळवत ठेवला तर पकड कधीच होत नाही, हा त्या खेळण्याचा मोठा दोष. ज्या खेळण्यावरून तंटा होतो ते खेळ संपताच कपाटात ठेवावे, एरवी घरात पडू देऊ नये. दोन मांजरे असतील तर त्यांचा असा खेळ वेगवेगळ्या खोल्यांत घ्यावा. मांजरांच्या गरजांविषयी पशुवैद्यांच्या संघटनांनी २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अन्न, पाणी, शौचपेटी, खेळ व विश्रांतीच्या जागा एकाहून अधिक आणि एकमेकींपासून दूर ठेवाव्यात, असे सांगितले आहे. एका ओळीत मांडलेल्या चार वाट्या मांजराच्या लेखी एकच जागा असते.

पिल्लाच्या वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताची सवय होते. या काळात बोटांशी झटापट खेळवू नये. मोठेपणी तेच बोट भक्ष्य ठरते.

हेच वर्तन खेड्यात मात्र दोष ठरत नाही. उदाहरणार्थ, शहपुरा (भिटौनी) हे जबलपूर जिल्ह्यातले, इटारसी-जबलपूर लोहमार्गावरील भिटौनी स्थानकाजवळचे गाव. अशा शेतीच्या गावात अर्धे पाळीव, अर्धे स्वैर मांजर धान्याच्या आसपास उंदीर धरते. त्याच्या तोंडातला उंदीर काढून घ्यायला कोणी जात नाही, म्हणून या गुरगुरीला तेथे कोणी दोष म्हणत नाही. तेच मांजर शहरातल्या बंद घरात आले की ती तक्रार होते.

प्रौढ मांजरात राखण एकाएकी सुरू झाली तर आधी दुखणे शोधावे : दातांचा त्रास, सांधेदुखी, उतारवयात थायरॉइडची वाढलेली क्रिया. खेळण्याची दोरी किंवा लोकर गिळली गेल्यास आतडी गोळा होऊन फाटू शकतात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दिसणारे टोक घरी ओढू नये, थेट पशुवैद्याकडे न्यावे. राखण करताना मांजर चावले किंवा त्याने रक्त येईपर्यंत ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजविरोधी लस घ्यावी, मांजर घरचे असले तरी.