शब्दाचा अंक

संस्कृत श्लोकाचा अर्थ लावावयाचा, तर आधीं पदच्छेद व मग अन्वय, हा क्रम शास्त्री-पंडितांनीं घालून दिलेला आहे. संगणकाच्या आज्ञाभाषांनाहि हाच क्रम स्वीकारावा लागला. मात्र अनुभवाचें मोल देऊन.

जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखालीं सिद्ध झालेली फोर्ट्रान भाषा आय. बी. एम. कंपनीनें १९५७ सालीं लोकांपुढें आणली. तींत शब्दांमधील मोकळ्या जागेस अर्थ नव्हता व कोणताहि शब्द राखीव नव्हता. 'डू १० आय = १,१०' ही ओळ लिहिली, कीं १० क्रमांकाच्या ओळीपर्यंतच्या आज्ञा १० वेळां पाळल्या जात. परंतु स्वल्पविरामाच्या जागीं चुकून टिंब पडलें, तर 'डू', '१०' व 'आय' हीं पदें एकमेकांस चिकटून एका नव्याच राशीचें नांव तयार होई आणि तिला १.१० ही किंमत मिळे. यंत्र तक्रार करीत नसे. तें निमूटपणें भलतेंच गणित करी.

१९६० च्या जानेवारींत पॅरिस येथें जमलेल्या १३ विद्वानांनीं आल्गोल भाषेचें स्वरूप ठरविलें. पीटर नाउर यांनीं संपादिलेल्या तिच्या अहवालांत 'बिगिन', 'इफ' हे शब्द अक्षरांचे समूह न मानतां प्रत्येकी एक अखंड चिन्ह मानले आहेत.

या चिन्हाला पुढें अंकाचें रूप आलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७५ च्या सुमारास दोन साधनें तयार झालीं. लेस्क व श्मिट यांचें 'लेक्स' पदच्छेद करणारा भाग रचून देई; जॉन्सन यांचें 'याक' वाक्यपृथक्करण करणारा. या दोन भागांत शब्दांची नव्हे, अंकांची देवघेव चाले. सुट्या अक्षरांना २५५ पर्यंतचे त्यांचे स्वतःचे अंक होते व २५६ हा अंक चुकीसाठीं राखलेला होता. म्हणून पहिल्या पदास, म्हणजे टोकनास, २५७, दुसऱ्यास २५८, असे क्रमांक मिळत.

हे क्रमांक कोणी पाठ करावयाचे नसतात. 'याक' त्यांची नांवनिशीवार यादी लिहून देतें व दोन्ही भागांनीं तीच वाचावयाची असते. यादीच्या मध्यें एखादें नवें पद घातलें, कीं त्याखालील पदांचे क्रमांक सरकतात. अशा वेळीं एक भाग नव्या यादीनें व दुसरा जुन्या यादीनें चालला, तर एकाचें 'जर' दुसऱ्यास 'तर' ऐकूं येतें आणि शुद्ध वाक्यहि अशुद्ध ठरतें.

तेव्हां शब्दास अंक कोणता द्यावा, यास फारसें महत्त्व नाहीं. सांगणाऱ्यानें व ऐकणाऱ्यानें एकच कोश प्रमाण मानावा, यांतच सर्व कांहीं आलें.