ठिणगी केव्हा पडावी?

श्रोतेहो, ओझर म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आधी विमान उभं राहतं. 1964 मध्ये सोव्हिएत सहकार्याने मिग-21 बांधण्याचा कारखाना इथे निघाला आणि बाणगंगेकाठचं, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे गाव देशभर माहीत झालं. त्याच आभाळाखाली, निफाड तालुक्याच्या पाणंदींतून, दुधाच्या किटल्या अडकवून मोटारसायकलीही धावल्या. त्यांचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही, म्हणून आज त्यातला एक तुकडा.

विमानाच्या जेट इंजिनाला ठिणगी लागते ती सुरू करताना, किंवा हवेत ते विझलंच तर. एकदा पेटलं की भट्टीसारखं अखंड जळत राहतं. मोटारसायकलीची चूल मात्र क्षणोक्षणी विझते आणि क्षणोक्षणी पेटवावी लागते. दोन धावांचं, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्लगमध्ये तीन हजार ठिणग्या. एका फेऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. पेट्रोलची वाफ एकदम भडकत नाही; ज्वाळा प्लगपासून निघून सगळीकडे पोचायला थोडा अवकाश लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते. किती आधी? सारी विद्या या प्रश्नात आहे.

सुरुवातीला हा प्रश्न सोडवताच येत नव्हता. 1885 मध्ये जर्मनीत डाइमलरने जी पहिली मोटारसायकल केली, तिच्यात ठिणगीच नव्हती. बाहेरून तापवलेली एक नळी इंजिनात खुपसलेली असे आणि वाफ दाबली गेली की तिच्या धगीने पेटे. वेळ ठरवायला जागाच नाही. ते इंजिन मिनिटाला सुमारे सहाशे फेरे घेई. मग 1895 च्या सुमारास फ्रान्समध्ये द दियों-बुतों यांच्या इंजिनावर बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारा पॉइंट आला, आणि फेरे दीड हजारांवर गेले. पुढे 1902 मध्ये बॉशच्या कारखान्यात होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि बॅटरीवाचून जोरदार ठिणगी मिळू लागली.

त्यानंतरची कित्येक वर्षं ठिणगीची वेळ चालवणाऱ्याच्या हाती होती. अक्षरशः हाती, कारण हँडलवर तिची एक लहान दांडी असे. किक मारताना दांडी मागे, वेग धरला की पुढे. विसरलात तर किक उलटी फिरून घोटा मोडण्याची भीती. पुढे पुष्कळ गाड्यांत वेगाबरोबर आपोआप सरकणारी वजनं आली आणि दांडी गेली.

आपल्या शिवाररस्त्यांवर जी गाडी खरी रुळली ती राजदूत. पोलंडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने ती 1960 च्या दशकात भारतात आणली आणि 2005 पर्यंत बनवली. 173 घनसेंटिमीटरचं इंजिन, पुढे दणकट झुलता काटा. परदेशात खडकाळ वाटेवर मोटारसायकल नेणं हा खेळ असतो. आपल्याकडे तो सकाळचा धंदा होता. अशा साध्या टू-स्ट्रोकमध्ये ना हँडलवर दांडी, ना सरकती वजनं. एकदा लावलेली वेळ किक मारतानाही तीच आणि चढावरही तीच. म्हणून ती चुकली तर सांभाळून घ्यायला काहीच नाही.

चुकते कशी, तेही ऐका. पॉइंटची एक टाच कॅमवर घासत असते. ती झिजत जाते, पॉइंटमधली फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी ओढत नाही, सायलेन्सर तापतो, पेट्रोल जास्त जातं. दूधवाल्याच्या नफ्यातून रोज थोडं थोडं गळत राहतं आणि त्याला वाटतं, पेट्रोलच खराब. उलट ठिणगी फार लवकर पडली तर इंजिनातून ठोके येतात, पिस्टन तापतो. आणि टू-स्ट्रोक तर कधी उलटंच सुरू होतं! पहिला गिअर टाकावा आणि गाडी मागे निघावी. हसू नका, खरंच होतं तसं.

उपाय पानपट्टीवर मिळणाऱ्या वस्तूने होई. मिस्त्री आधी पॉइंट साफ करून फट गेजने मोजी. पुष्कळ गाड्यांना ती साधारण 0.4 मिलिमीटर लागते. हे आधीच करायचं, कारण फट वाढवली की ठिणगी आपोआप लवकर पडते. मग प्लगच्या भोकातून पिस्टनचं सर्वांत वरचं टोक शोधायचं, चाक उलटं फिरवून पिस्टन बराच खाली न्यायचा आणि पुन्हा इंजिनाच्या दिशेने हलके वर आणायचा, म्हणजे मधली ढिलाई निघून जाते. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हळूच ओढत राहायचं. कागद सुटला, तीच ठिणगीची वेळ. कंपनीच्या पुस्तिकेत वरच्या टोकाआधी जितके मिलिमीटर लिहिलेत तिथेच तो सुटला पाहिजे. उशिरा सुटत असेल तर पॉइंटची पाटी इंजिनाच्या फिरण्याच्या उलट दिशेला किंचित सरकवायची. लवकर सुटत असेल तर त्याच दिशेला.

शिक्षक बंधुभगिनींनो, सेकंदाचे अंश शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी दिसत नाही. तीन हजार फेऱ्यांना 25 अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे सातशेविसावा भाग, आणि तो हाताच्या बोटांना कळत होता.

1980 च्या दशकाच्या मध्यापासून जपानी सहकार्याच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि पॉइंटची जागा हळूहळू बंद डबीने घेतली. डबीत घासायला काही नाही, म्हणून वेळ सहसा हलत नाही. शेतकऱ्याची सकाळ सुटसुटीत झाली, हे मान्यच करायला हवं. पण डबी बिघडली की उघडून काही दिसत नाही, ती बदलायची. गावच्या मिस्त्रीच्या हातचं काम दुकानदाराकडे गेलं.

जुनी राजदूत अजून कुणाच्या गोठ्यात उभी असेल, तर पॉइंट लावून झाल्यावर स्क्रू आवळून फट पुन्हा एकदा मोजा. आवळताना पाटी सरकते. आणि कॅमवर ग्रीस लावा ते नखभरच. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं आणि ठिणगी पडतच नाही.