अपंगांची पायरी



आपल्या शिरोली एमआयडीसीपासून जवळच, उचगावात, ‘घरौंदा’ हे अपंग मुलांचे वसतिगृह आहे. ते चालवणारी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था नसीमा हुरजुक यांनी १९८४ साली कोल्हापुरात स्थापन केली. ऐन उमेदीत त्यांच्या पायांतील शक्ती गेली. तरी त्या चाकाच्या खुर्चीवरून शिकल्या, सरकारी नोकरीही केली. शाळेला पायऱ्याच असतील, तर अशी खुर्ची दारातच अडते. उतरण बांधली की आत येते.

अंध मुलाची पायरी निराळी. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली सुरू केली, आणि ती फुकट दिली! ती मराठीही वाचते. मात्र मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला हवा. (देवनागरीला त्यात १९९१ पासून जागा आहे.) कागदाचे नुसते छायाचित्र पाठवले, की यंत्र बहुधा मुके होते.

मी स्वतः कित्येक वर्षे सूचनांची छायाचित्रेच पाठवीत आलो. एकदा एका अंध विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्या फोटोत काय होतं?” शिष्यवृत्तीची सूचना होती. अर्जाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती.