माठातला खर्ज, डिकीतला खर्ज

१९८० ते ९० च्या सुमारास नगर जिल्ह्यात एसटीने हिंडलेल्या वाचकांना टपरीवरचा माठ आठवत असेल. पाण्याचा नव्हे, गाण्याचा. आत पाण्याचा थेंब नाही. तोंडावर सहा किंवा आठ इंची स्पीकर आडवा बसवलेला, कडेच्या फटी चिंध्या नाहीतर एम-सील भरून बुजवलेल्या, आणि बाहेर आलेली तार टेपरेकॉर्डरला जोडलेली. तोच स्पीकर नुसता हातात धरला तर लावणीतली ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजे. माठावर बसवला की अंगात भिनल्यासारखी वाटे. मालकाला कारण विचारले तर उत्तर ठरलेले असे, ‘माठात आवाज घुमतो.’

हे उत्तर बहुतांशी चुकीचे आहे. माठात आवाज घुमतो म्हणण्यापेक्षा तो कोंडला जातो म्हणणे अधिक बरोबर. पुढे याच जिल्ह्यातल्या तरुणांनी मारुती ८०० च्या डिकीत घरी केलेली प्लायवूडची खोकी बसवली, त्यांना ‘सबवूफर’ म्हणू लागले. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. खोकी अजून बनतातच. माठ आणि खोके यांच्यामागचा प्रश्न एकच आहे. लहानशा जागेतून खर्ज कसा काढायचा? तो सुटायला जवळजवळ एक शतक लागले.

सुरुवात एका सोप्या प्रयोगाने करू या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून एक सुटा स्पीकर आणावा आणि त्यावर ढोलकीचे किंवा पखवाजाचे ध्वनिमुद्रण लावावे. आवाज किरटा येईल. आता जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून तो त्यात बसवावा. काहीही वाढवलेले नसताना खर्ज वाढतो. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. अडथळा नसेल तर पुढची हवा कडेने वळून मागे जाते आणि दाब मिटून जातो. वरच्या पट्टीतल्या आवाजाची लहर लहान असते, तिला वळून जायला सवड मिळत नाही. खर्जाची लहर मात्र लांबलचक. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर साडेआठ मीटरहून जास्त भरते.

चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची कल्पना जुनी आहे. एर्न्स्ट सीमेन्स यांचे १८७४ चे आणि ऑलिव्हर लॉज यांचे १८९८ चे पेटंट उपलब्ध आहे. पण त्यातून आजचा स्पीकर घडवला तो अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी, १९२५ मध्ये. स्पीकर बसवायला आडपडदा, म्हणजे मोठी फळी लागते, हेही त्यांच्या कामात होते. अडचण अशी की खरा खर्ज हवा तर फळी दाराएवढी, किंबहुना त्याहून मोठी लागते. ती घरात ठेवणार कुठे आणि गाडीत तर कुठे!

फळी गुंडाळून तिचे बंद खोके केले तर? मागची लाट आतच अडकेल. आपला माठ म्हणजे हेच. वर माठाचा आकार गोल, त्यामुळे त्याच्या भिंती दाबाखाली थरथरत नाहीत. लाकडी पेटीच्या सपाट फळ्या थरथरतात. अमेरिकेतले ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या तपासल्या, तेव्हा सर्वांत समतोल आवाज गोलाकार पेटीतून आला. (हा फायदा मुख्यतः मधल्या व वरच्या पट्टीतला. खर्जापुरते आकाराचे महत्त्व फारसे नाही, घनफळाचे आहे. माठाचे कौतुक करताना एवढे सांगितलेच पाहिजे.)

मात्र बंद पेटी दुसरी अडचण घेऊन येते. आतली हवा स्प्रिंगसारखी वागते. डग्ग्यावर मनगट दाबले की पुडी ताणली जाऊन स्वर चढतो, तसेच हवेच्या स्प्रिंगमुळे शंकूची नैसर्गिक वारंवारता चढते, आणि तिच्याखालचा खर्ज झपाट्याने गळतो. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. म्हणून त्या काळचे खर्ज देणारे स्पीकर कपाटाएवढे असत.

ही गाठ सोडवली एका शिक्षकाने. एडगर व्हिल्चर न्यू यॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनर्निर्मितीचा वर्ग घेत. त्यांनी प्रश्नच उलटा केला. हवेची स्प्रिंग टाळता येत नाही, मग शंकूची स्वतःचीच स्प्रिंग का ठेवायची? तेव्हाच्या स्पीकरचा शंकू कडेला ताठ कागदी वळ्यांनी धरलेला असे. जास्त हलला की या वळ्या अडायच्या आणि आवाज फाटायचा. हवा मात्र दाबली काय नि ताणली काय, थोड्या अंतरापुरती जवळपास सारखाच विरोध करते. तेव्हा कडा अगदी सैल ठेवावी आणि शंकूला मूळ जागी आणण्याचे काम पेटीतल्या हवेकडे सोपवावे. पहिल्या नमुन्यासाठी त्यांनी बाजारातल्या स्पीकरची कडा कापून तिथे गादीच्या खोळीचे कापड लावले. पत्नी रोझमेरी यांनी त्याचा आराखडा बेतून दिला. हेन्री क्लॉस नावाच्या विद्यार्थ्याला हे पटले आणि गुरुशिष्यांनी १९५४ मध्ये कंपनीच काढली. त्यांच्या पहिल्या स्पीकरची पेटी पन्नासएक लिटरची होती, म्हणजे दोन-तीन माठांएवढी, आणि ती कपाटाएवढ्या पेट्यांच्या तोडीचा खर्ज देई.

त्याची किंमत मोजावी लागली ती विजेत. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वीज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्यायच्या आणि तिसरी सोडायची. गाडीत हा हिशेब पुन्हा येईल.

दुसरा मार्ग याआधीच सापडला होता. मागची लाट कोंडून वाया का घालवायची? बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९३२ मध्ये मिळाले. त्यांनी पेटीला एक नळी बसवली. मुळातले भौतिकशास्त्र हेल्महोल्ट्झ यांचे, १८६० च्या आसपासचे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो ‘हूं’ निघतो, तो मानेतल्या हवेचे वजन आणि पोटातल्या हवेची स्प्रिंग यांचा अनुनाद असतो. खरे ‘घुमणे’ म्हणतात ते हे. हा स्वर काढायचे गणित नववी-दहावीच्या मुलांना जमण्यासारखे आहे. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ घ्यावे, त्याला पेटीचे घनफळ आणि नळीची लांबी यांच्या गुणाकाराने भागावे, वर्गमूळ काढावे, त्याला ध्वनीच्या वेगाने गुणून ६.२८ ने भागावे. नळीच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही बरोबर हलते, म्हणून लांबीत व्यासाच्या सुमारे पाऊणपट भर घालावी.

शेतावर पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेले असतातच. आतला व्यास १० सेंमी, लांबी २० सेंमी आणि ४० लिटरची पेटी घेतली तर उत्तर येते सुमारे ४७ हर्ट्झ. तोच पाइप अर्धा कापला की ५९ च्या जवळ. फळ्यावर आकडेमोड करून मग पाइप कापून बघावा. करवतीने वर्गमूळ बदलता येते, हे मुलांच्या लक्षात राहते.

इतके असूनही पुढची तीस वर्षे पेट्या अंदाजानेच बनत होत्या. कोणत्या स्पीकरला किती लिटरची पेटी आणि केवढी नळी, हे सुतार कानाने ठरवी. १९६१ मध्ये नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने सगळा स्पीकर मोजक्या आकड्यांत बसवला आणि पेटी म्हणजे विद्युत-गाळणीसारखेच एक गणित आहे, हे दाखवले. निबंध ऑस्ट्रेलियातल्या नियतकालिकात छापला गेला आणि बाहेरच्या फारच थोड्यांनी वाचला. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला, आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये त्याचा विस्तार केला, तेव्हा कुठे तो जगभर गेला. दहा वर्षे उत्तर छापून तयार होते आणि सुतार अंदाजाने भोके पाडत होते. आपल्याकडे हे अंतर त्याहून लांबले. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या साध्या स्पीकरवर ‘८ इंच, ४ ओहम’ एवढेच लिहिलेले असायचे. थील यांना हवे असलेले आकडे छापलेलेच नाहीत, तर गणित करणार कशाचे?

ते आपणच मोजायचे, आणि इथे आपला माठ कामाला येतो. स्पीकरला एकसर जोडणीत शंभर ओहमचा रोध लावून ऑसिलेटरची वारंवारता हळूहळू बदलत जावे. स्पीकरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त दिसेल, ती त्याची नैसर्गिक वारंवारता. समजा, मोकळ्या हवेत ती ५० हर्ट्झ आली. मग तोच स्पीकर माठावर घट्ट बसवून पुन्हा मोजावे. समजा ८० आली. माठाचे घनफळ काढायला भूमिती नको, मापाने पाणी ओतले की झाले. समजा १५ लिटर. ८० ला ५० ने भागून वर्ग केला की २.५६ येतात. त्यातून १ वजा केला की १.५६, आणि त्याला १५ ने गुणले की सुमारे २३ लिटर. म्हणजे या स्पीकरच्या कडेची स्प्रिंग २३ लिटर हवेइतकी कडक आहे. थील आणि स्मॉल यांच्या आकड्यांपैकी एक महत्त्वाचा आकडा असा कुंभाराच्या भांड्यातून निघतो. आता पेटी ३० लिटरची केली तर वारंवारता सुमारे ६७ येईल, ६० लिटरची केली तर ५९. दुसऱ्यांदा दुप्पट केल्यावर केवळ आठच हर्ट्झ मिळाले. डिकीत सामान ठेवायला जागा का सोडावी, ते इथे कळते.

आता गाडीकडे येऊ. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. लांबी जेमतेम सव्वातीन मीटरच्या वर, आतली पोकळी त्याहून बरीच कमी. एवढ्या जागेत साडेआठ मीटरची लहर मावणारच नाही, मग खर्ज ऐकू कसा येतो, असा प्रश्न हुशार मुले विचारतात. लहर मावण्याची गरजच नाही. पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत २.२ मीटर धरले, तर सुमारे ८० हर्ट्झच्या खाली गाडी खोली राहत नाही, सायकलच्या पंपासारखी वागते. शंकू जेवढा सरकेल तेवढी सगळ्या गाडीतली हवा एकदम दाबली जाते. मोकळ्या जागेत आवाजाचा दाब शंकूच्या त्वरणावर ठरतो, बंद गाडीत शंकूच्या विस्थापनावर. त्वरण तेवढेच ठेवून वारंवारता निम्मी केली तर विस्थापन चौपट होते. म्हणून एकेक सप्तक खाली जावे तसा गाडी दाब चौपट, म्हणजे १२ डेसिबलने वाढवते. आणि बंद पेटी आपल्या नैसर्गिक वारंवारतेखाली दर सप्तकाला बरोबर १२ डेसिबलनेच गळते! एकाचे उतरणे आणि दुसऱ्याचे चढणे जुळते. प्रत्यक्षात छताचा पत्रा लवतो, दारांच्या फटींतून हवा निसटते, त्यामुळे लाभ कमीच मिळतो, पण मिळतो. खर्ज चालू असताना एक काच खाली करून पाहा, म्हणजे तो कुठून आला होता ते समजेल.

नळीची पेटी आपल्या स्वराखाली दुप्पट वेगाने, सप्तकाला २४ डेसिबलने गळते. म्हणून लहान गाडीला, माझ्या मते, थुरासच्या नळीपेक्षा व्हिल्चरची बंद पेटीच बरी. म्हणजे माठच.

विजेचा हिशेब राहिला. बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यावर थेट चालणाऱ्या वर्धकाकडून चार ओहमच्या स्पीकरला वीस-पंचवीस वॅटपेक्षा फारसे मिळत नाही. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांची लाडकी ४४४० क्रमांकाची आयसी जोडून वापरली की १९ वॅट देई. त्यापुढे जायचे तर आधी व्होल्टेज वाढवणारे मंडल लागते, आणि मग तीनशे वॅटला बॅटरीतून पन्नासएक अँपिअर प्रवाह ओढला जातो. अशी तार बॅटरीपासून वितीच्या आत फ्यूज न लावता डिकीपर्यंत नेणे म्हणजे गाडीत शेगडी पेटवून ठेवणे. बारीक तार आणि फ्यूजऐवजी गुंडाळलेली चांदी मी स्वतः एका गाडीत पाहिली आहे.

आणि कान. ४० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यायलाच सुमारे ५० डेसिबल लागतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये कानाचे असे आलेख काढले होते. कान कुरकुरत नाही म्हणून हात बटणाकडे जात राहतो, आणि खर्जाबरोबर बाकीचे सूरही वाढतात. मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली, वजन पंचावन्न टनांच्या घरात. आज ती विजापूरला आहे. बत्ती दिल्यावर गोलंदाज कान वाचवायला शेजारच्या हौदात बुडी मारी, असे तिथे सांगतात. त्याला आवाजाचे भय कळत होते. बंद काचांच्या गाडीत बसलेल्याजवळ हौद नसतो.

आम्ही शाळेत केलेले खोके १९ मिलिमीटर प्लायचे होते. सांधे फेविकॉल आणि स्क्रूंनी बंद केले, स्पीकरखाली फोमची पट्टी लावली. शंकू तळव्याने हलकेच दाबून सोडला की तो सावकाश परत येई, म्हणजे पेटी हवाबंद. एका सहकाऱ्याच्या मारुतीत ते बसवले. मोजमाप गणिताच्या जवळ आले, पण प्रत्येक ठेक्याला कुठूनतरी खर्रर आवाज येई. मुलांनी अर्धा तास पेटी तपासली, स्क्रू पुन्हा आवळले. शेवटी एकीने गाडीच्या मागे जाऊन नंबरप्लेटवर बोट ठेवले. नळाचे दोन रबरी वायसर मागे घातले आणि खरखर थांबली.