आधी घाई, मग लाज : दोनशे वर्षं फिरणारं एक पत्र

आज एका पत्राचा इतिहास सांगायचा आहे. पण सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझी आत्या बडोद्याला असते. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. एका संध्याकाळी तिच्या मोबाइलवर मेसेज आला : मागच्या महिन्याचं वीजबिल नोंदलं गेलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी बोला. खाली एक साधा दहा आकडी नंबर. आत्यानं फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं बोलला. त्यानं एक ॲप घ्यायला लावलं आणि ‘नोंदणीचे फक्त दहा रुपये भरा’ म्हणाला. त्या ॲपमुळे तिच्या मोबाइलवरचं सगळं त्याला दिसत होतं, आलेला ओटीपीसुद्धा. साडेनऊ वाजले, वीज काही गेली नाही. खातं मात्र रिकामं झालं होतं.

हे आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी. मी म्हटलं, “अगं, त्याच रात्री का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “काय सांगणार होते? आयुष्यभर पोरांना हिशेब शिकवला मी.”

हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता चला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पॅरिसला. तिथे विदोक नावाचा एक विलक्षण माणूस होता. आधी गुन्हेगार, कैदी आणि नंतर थेट पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १८२८ साली त्याच्या आठवणी प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यात बिसेत्रच्या तुरुंगातले कैदी बाहेर कशी पत्रं पाठवायचे, हे त्यानं सांगितलं आहे. या पत्रांना ‘जेरुसलेमची पत्रं’ म्हणत. कैदी आधी गावोगावच्या पैसेवाल्यांचे पत्ते मिळवत. मग पत्र जाई : मी एका सरदाराचा नोकर. क्रांतीच्या धामधुमीत आम्ही देश सोडून पळालो, तेव्हा सोनं आणि हिरे भरलेली पेटी तुमच्या भागात लपवावी लागली. ती न्यायला परत आलो आणि पकडला गेलो. थोडे पैसे पाठवलेत, तर सुटेन आणि पेटीची जागा दाखवीन.

विदोक म्हणतो, अशा शंभर पत्रांमागे वीस पत्रांना हमखास उत्तर यायचं. आणि फसणारे सगळे खेड्यातले भोळे लोक होते असं समजू नका. पॅरिसमधलाच एक कापडाचा व्यापारी पाँ नफ पुलाच्या कमानीखाली खणताना पकडला गेला. कुणा डचेसचे हिरे तिथे पुरलेत, असं त्याला वाटत होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हेच पत्र अटलांटिक ओलांडून गेलं. आता कैदी स्पेनच्या तुरुंगात होता. त्याला एक तरुण मुलगी होती आणि एका ट्रंकेत दडवलेली संपत्ती होती. १८९८ साली अमेरिकेतली वर्तमानपत्रं वाचकांना सावध करताना लिहीत होती, की ही जुनीच फसवणूक पुन्हा डोकं वर काढते आहे. म्हणजे तेव्हाही ती जुनी होती!

पुढे १९८० च्या दशकात हे पत्र नायजेरियातून निघू लागलं. आधी टपालानं, मग फॅक्सनं आणि १९९० च्या दशकात ईमेलनं. तुरुंगातल्या कैद्याच्या जागी आता मोठा अधिकारी किंवा दिवंगत हुकूमशहाची विधवा आली. पेटीच्या जागी तेलाच्या कंत्राटातले लाखो डॉलर आले. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमावरून जग याला ‘४१९’ म्हणू लागलं.

इथे एक प्रश्न पडतो. ही पत्रं इतकी हास्यास्पद का असतात? २०१२ साली मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी याचं उत्तर मांडलं. हजारो ईमेल पाठवणं जवळजवळ फुकट असतं. महाग असतं ते उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलत बसणं. म्हणून पत्र मुद्दामच अविश्वसनीय ठेवायचं. शहाणा माणूस हसून सोडून देतो आणि जो उरतो तो शेवटपर्यंत येण्याची शक्यता जास्त. चाळणी लावल्यासारखं. पण सगळीच पत्रं अशी नसतात, आणि आता तर अजिबात नाहीत.

कारण १९९० च्या दशकात या खेळात दुसरा रस निघाला. अमेरिकेत एओएल या इंटरनेट सेवेच्या ग्राहकांना ‘कंपनीकडून’ संदेश येऊ लागले : तुमच्या खात्यात अडचण आहे, पासवर्ड कळवा. इथे खजिना नाही, लालूच नाही. इथे आहे भीती. यालाच फिशिंग हे नाव पडलं. आपल्याकडे २००५ साली नॅसकॉमच्या नावानं अशी ईमेल पाठवल्याचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्या वेळी फिशिंगसाठी वेगळा कायदा नव्हता, तरीही हे कृत्य बेकायदा आहे, असं न्यायालयानं सांगितलं.

भीतीचा हा धागा आज ‘डिजिटल अटके’पर्यंत आला आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा आणि ‘कुणालाही सांगू नका’ अशी ताकीद. आपल्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही आणि सुटकेसाठी पोलीस पैसे मागत नाहीत.

आता ही सगळी पत्रं शेजारी शेजारी ठेवा. चार गोष्टी प्रत्येकात सापडतील. एक, कुणा प्रतिष्ठित माणसाचं किंवा संस्थेचं नाव. दोन, मोठी लालूच किंवा मोठी भीती. तीन, घाई आणि गुपित : आजच, आत्ताच, कुणाला न सांगता. चार, आधी एखादी लहानशी मागणी. तिथे थोडा प्रवासखर्च, इथे दहा रुपये. केवायसी, अडकलेलं पार्सल, वाहनाचा दंड, घरबसल्या नोकरी, वेष काहीही असो, हाडं हीच. उद्या नवा वेष येईल, तेव्हाही हाडं मोजा.

घाईवर उतारा एकच, थांबणं. मेसेजमधल्या लिंकवर किंवा नंबरवर जायचंच नाही. जुनं बिल काढा, बँकेच्या कार्डाच्या मागचा नंबर पाहा आणि आपण होऊन फोन करा. कुणाच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. आणि हे घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा : यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार आहेत.

आता आत्याच्या वाक्याकडे येऊ. फसवणारा आधी घाईवर जगतो आणि नंतर आपल्या लाजेवर. हिऱ्यांसाठी पुलाखाली खणणारा माणूस घरी जाऊन काय सांगणार? स्पॅनिश कैद्याला पैसे पाठवणारा व्यापारी मित्रांसमोर गप्पच बसणार. ही गप्प बसलेली माणसं नसती, तर तेच पत्र दोनशे वर्षं चाललं नसतं.

आज या गप्प बसण्याची किंमत तासांत मोजावी लागते. आपले पैसे चोरांच्या एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर पुढे सरकतात. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवलं, तर वाटेतल्या बँका ती रक्कम रोखून धरू शकतात. जितका उशीर, तितकी आशा कमी. सोबत आपल्या बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. नंतर कुणी ‘फी भरा, पैसे परत मिळवून देतो’ म्हणाला, तर तेही त्याच जातीचं पत्र समजा.

आत्याचे पैसे परत आले नाहीत. तीन आठवडे फार झाले होते. पण विदोकची गोष्ट मी तिला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “शंभरात वीस? म्हणजे पाचात एक. वर्ग भरेल की रे!” आता तिच्या सोसायटीत कुणाला असा मेसेज आला, की लोक आधी तिलाच विचारतात.

तेव्हा आज एक काम करा. घरातल्या मोठ्यांना आणि लहानांनाही सांगा, की फसलात तर आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा. १९३० हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.